क्लॅरिनेट ऐकणारा माणूस

जन्मभर लोकांना 'हसा' म्हणून मी पोट भरलं आणि त्यापायी माझं स्वतःचं तोंड कायमचं आंबट झालं, असं आमच्या घरात म्हणतात. खोटं नाही ते. वाशीमला माझा फोटो स्टुडिओ होता. आता त्याच जागेत मुलगा मोबाईल विकतो, आणि ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे मला कोणी काही विचारायला येत नाही. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. गमती होत्या. पण आठवायला बसलं की एकच संध्याकाळ पुढे येऊन उभी राहते, आणि तिच्यात गंमत फार थोडी आहे.

तरी धंदा आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सत्तरच्या पुढची वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. फोटो ही रोज काढायची वस्तू नव्हती. लग्न जमवायचं असलं, नोकरीचा अर्ज करायचा असला, की माणूस फोटो काढायला यायचा. काही जण एवढ्यासाठीही यायचे नाहीत. त्यांचा पहिला आणि शेवटचा फोटो आम्हीच त्यांच्या अंगणात जाऊन, ते तिरडीवर असताना काढायचो. एका रोलवर बारा फोटो निघत. त्यामुळे बटण दाबायच्या आधी आम्ही विचार करायचो, आणि गिऱ्हाईक आमच्यापेक्षा जास्त करायचं. माझ्या स्टुडिओत आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि एक काळा कोट असायचा. त्या एकाच कोटात वाशीमच्या आसपासचे कित्येक नवरदेव पसंत झाले असतील.

इंझोरीचा एक शेतकरी एकदा फोटो परत घेऊन आला. चेहरा जरा बाजूला वळवून मी झकास फोटो काढला होता. म्हणाला, "पैसे पुरे घेतले अन् कान एकच दिला. दुसरा कान काय मी इकून खाल्ला?" मी त्याला पुन्हा बसवून दोन्ही कानांचा फोटो काढून दिला. पुढे बरीच वर्षं तो भेटला की कानाला हात लावून दाखवायचा.

दुसरी गोष्ट हनुवटीची. अकोल्याला मी ज्यांच्याकडे शिकलो त्या उस्तादांची पद्धत अशी की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की दोन बोटांनी हनुवटी धरायची आणि चेहरा उजेडाकडे वळवायचा. बोलत बसायचं नाही. बोलून माणूस ताठ होतो. वाशीमला मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पाटीवर आडनाव लिहिलं नाही. पण आमच्याकडे पाटी कोण वाचतं, माणूस वाचतात. वडील रेल्वेत गँगमन, राहणं कुठल्या वस्तीत, छप्पन साली कोणी दीक्षा घेतली, हे सगळं लोकांना पाठ असतं. पहिल्याच महिन्यात एक वयस्क हेडमास्तर आले. माझी बोटं पुढे गेली तशी त्यांनी मान मागे घेतली आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्ही सांगा ना, मी वळवतो." तेव्हापासून मी नुसतं तोंडाने सांगून चेहरे वळवायला शिकलो. हा फोटोवाला किती अदबीने काम करतो म्हणून पुढे माझं नाव झालं.

असो. सुखदेव माझ्याकडे आला तो थंडीच्या दिवसांत. काळा, उंच, गालफडं बसलेली. जुन्या कोटाची एक बाही कापून तिची पिशवी शिवली होती, आणि त्या बाहीत क्लॅरिनेट. मालेगावजवळच्या, म्हणजे नाशिककडच्या नव्हे, आमच्या वाशीमकडच्या मालेगावजवळच्या एका गावात तो सालदार होता, म्हणजे वर्षभरासाठी एका मालकाच्या शेतावर बांधलेला गडी. गावाचं नाव मी लिहीत नाही. दोघांचीही घरं तिथे अजून आहेत. मालकाला सगळे दाजीसाहेब म्हणत. सालदारी सांभाळून सुखदेवची एक बँड पार्टी होती: क्लॅरिनेट, कॉर्नेट, पेटी, ढोलक आणि एक गाणारा. सगळे आमच्याच समाजाचे. लग्नसराईत वरातीत वाजवायचे, आणि थंडीभर मालेगावच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी परवान्याच्या देशी दारूच्या दुकानामागच्या आवारात बसून वाजवायचे. दुकानदाराला त्याचा फायदा, कारण बाजार उठला तरी गिऱ्हाईक उठत नसे.

"जय भीम भाऊ," तो म्हणाला. "एक फोटो पाह्यजे. पन इथं नाई, मालेगावले येऊन. आमी वाजवून राह्यलो अन् पब्लिक आयकून राह्यली, असा."

कारणही त्याने सांगितलं. अकोल्याचा एक कंत्राटदार गावोगाव ऑर्केस्ट्रा आणि कव्वालीच्या पार्ट्या फिरवायचा. त्याच्या कानावर सुखदेवचं नाव गेलं होतं. त्याने निरोप दिला होता की पार्टी वाजवतेय आणि समोर गर्दी आहे असा फोटो पाठव, त्याची जाहिरात छापतो, मग तुमची पार्टी कंपनीत घेतो. नुसती वाद्यं हातात धरलेला फोटो नको. असे फोटो त्याच्याकडे ढिगाने पडले होते.

"पाडव्याले नवं साल धरा लागते," सुखदेव म्हणाला. "त्याच्या आंधी कंपनीचं पक्कं झालं, तं दाजीसाहेबाले सांगून टाकतो का आता दुसरा गडी पाहा. नाई झालं तं पुन्हा वरीसभर त्याचेच बैल."

बाजाराच्या दिवशी दुपारच्या एसटीने मी मालेगावला गेलो. दिवस बुडायला आला होता. आवारात बाभळीच्या बुंध्याशी गॅसबत्ती लावलेली, चार बाकडी, एका कोपऱ्यात तुराट्यांची शेकोटी. थंडी अशी की ढोलकवाला ढोलक शेकोटीवर धरून तापवत होता. सुखदेवने क्लॅरिनेट सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाला की थंडीत क्लॅरिनेटचा सूर उतरतो आणि पेटी काही कोणासाठी खाली येत नाही, म्हणून हिला अंगाची ऊब द्यावी लागते.

माणसं जमली. कापूस विकून आलेले शेतकरी, ट्रकवाले, दोन व्यापारी, एक शाळामास्तर. दाजीसाहेब आले तेव्हा दुकानदाराने त्यांच्यासाठी आतून खुर्ची आणली आणि अगदी पार्टीसमोर ठेवली. दाजीसाहेबांनी मफलर सैल केला, पेला हातात घेतला आणि म्हणाले, "सुखद्या, ते परवाचं लाव."

सुखदेव वाजवू लागला आणि मी कॅमेऱ्याची पिशवी उघडायचं विसरलो. त्याआधी मी लग्नातले बँड ऐकले होते, तो नुसता गोंगाट असतो. हा माणूस एक सूर धरायचा आणि तो संपेपर्यंत आवारात कोणी पेला खाली ठेवत नसे. दाजीसाहेब डोळे मिटून बसले होते. त्यांच्या गालावरून पाणी आलं तेही त्यांनी पुसलं नाही. याच माणसाच्या शेतात सुखदेव सकाळी शेणाच्या पाट्या उचलून आला असेल, हे त्या वेळी पाहून कोणाला खरं वाटलं नसतं.

मी फ्लॅश लावला आणि उभा राहिलो. लगेच पार्टी वाजवायची थांबली. सगळे सावधानमध्ये उभे, वाद्यं छातीशी धरलेली, श्वास रोखलेला. फोटो म्हटलं की असंच उभं राहायचं असतं, हे त्यांना आमच्यासारख्या फोटोवाल्यांनीच शिकवलेलं. मी म्हणालो, "अरे वाजवा ना." कॉर्नेटवाला ऐकेना. "गाल फुगलेले येतीन भाऊ. बायको जन्मभर हासन." त्याला कसंबसं समजावलं. पुन्हा वाजवणं सुरू झालं.

माझा कॅमेरा दोन भिंगांचा होता. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत पाहायचं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. मी काचेत पाहिलं तर शाळामास्तर उठून चालला होता. म्हटलं ठीक आहे, देशी दारूचं दुकान आहे, मास्तराची नोकरी आहे. मग व्यापारी उठले. मग एकेक करत सगळं पुढचं बाकडं. शेवटी दाजीसाहेबांनी स्वतःच्या हाताने खुर्ची उचलली आणि भिंतीपलीकडे नेली. काचेत राहिली ती वाजवणारी पार्टी, रिकामी बाकडी आणि शेकोटीजवळ आमच्याच वस्तीतली दोन म्हातारी माणसं.

मी कॅमेरा खाली केला. सगळे परत येऊन बसले. मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि कॅमेरा वर घेतला, तर पुन्हा सगळे पसार. वाळवणावरच्या चिमण्या हात उगारला की उडतात आणि हात खाली केला की परत उतरतात, तसं चाललं होतं. पार्टी बिचारी वाजवत होती. मी एक फोटो तसाच काढला, रिकाम्या बाकड्यांचा.

मग दाजीसाहेबांजवळ जाऊन म्हणालो, "साहेब, पाच मिनिटं बसा ना खुर्चीत. यांचं काम होईल."

"तुमी काढा ना त्याईचा," ते म्हणाले. "आमचं काय काम त्याच्यात?"

"जाहिरातीत लोक ऐकतायत असं दिसलं पाहिजे."

ते हसले. रागाने नाही, समजूत घालतात तसं. "फोटोवाले, तुमी समजदार मानूस. सुखद्याचं वाजवनं मस्तच हाय, मी कवा नाई म्हटलं? पन उद्या हा फोटो भिताडावर लागला, तं सोयरे काय म्हनतीन? दाजी याईच्या पंगतीले जाऊन बसला म्हनतीन."

दारूचं कारण त्यांनी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं. आदल्याच होळीला त्यांच्या मळ्यात तालुक्याच्या साहेब लोकांबरोबर मी त्यांचा फोटो काढला होता, आणि टेबलावरची बाटली लेबल दिसेल अशी वळवा, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

मला राग आला. तो राग अजून गेलेला नाही. मी फ्लॅश काढून पिशवीत टाकला, मोठ्याने म्हणालो, "झालं बाबा काम," आणि चहा मागवून एका बाकड्यावर बसलो. कॅमेरा बाजूला, माझ्या घडी केलेल्या मफलरवर ठेवला. सगळे निवांत झाले. दाजीसाहेबांची खुर्चीही परत जागेवर आली. आता फ्लॅशशिवाय फोटो काढायचा तर उजेड फक्त गॅसबत्तीचा. त्यासाठी कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात जो हलेल तो फोटोत पुसला जातो. वाजवणारा तर हलतोच. म्हणून मी सुखदेवच्या लांब सुराची वाट पाहिली. त्याने तो धरला की तो स्वतः दगडासारखा स्थिर व्हायचा, आणि ऐकणारेही. एका हातात चहा, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याला जोडलेली, पडदा उघडायची तार. सूर लागला तशी तार दाबली आणि सूर सुटायच्या आत सोडली.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली कागद धुताना त्यावर आधी गॅसबत्ती उमटली, मग दाजीसाहेबांचा चेहरा, मग क्लॅरिनेट. मागे सगळी गर्दी. कोणाचा पेला ओठांशी थांबलेला, मास्तराने गुडघ्यावर डोकं टेकलेलं. ढोलकवाल्याचे हात धुरकट आले होते, बाकी सगळं लख्ख. आयुष्यात मी हजारो फोटो काढले असतील, त्यातला हा सगळ्यात चांगला. हे मी कोणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

सुखदेव आला. फोटो दोन्ही हातांत धरून तो पाहत राहिला. मला वाटलं खूश झाला.

"हा नाई चालनार भाऊ," तो म्हणाला.

"काहून?"

"याच्यात दाजीसाहेब हाय. त्यायनं नाई म्हटलं होतं ना?"

"अरे म्हणून तर चोरून काढला. कंत्राटदाराला काय माहीत दाजीसाहेब कोण?"

"गावाले तं मालूम हाय ना? जाहिरात कुठंबी लागन. कंपनी चार महिने फिरवन अन् पावसाळ्यात सोडून देईन. मंग मी जाऊ कुठं? मायी माय तिथंच हाय, घर त्याच्या वावराले लागून हाय." फोटो कागदात गुंडाळत म्हणाला, "मी इचारतो त्याईले. रडून राह्यले माह्या वाजवन्यावर, येवढं तं देतीन."

मी त्याला परोपरीने सांगितलं की विचारू नकोस. या जगात विचारलं की नाही म्हणतात. न विचारता केलं तरच काही होतं. तो म्हणाला, "चोरीचा फोटो मले नको. मी वाजवतो तं चारचौघाईत वाजवतो." माझ्या मते तो चुकला. पण त्याच्या बोलण्यात खोट कुठे होती, ते मला दाखवता यायचं नाही.

दोनच दिवसांत दाजीसाहेब माझ्या स्टुडिओत हजर. भांडायला आले असतील म्हणून मी तयार होतो. पण ते खुशीत होते. फोटो त्यांच्याच हातात होता. "असा फोटो माह्या जन्मात निंगला नाई," ते म्हणाले. "चेहऱ्यावर काय तेज आलं हाय पाहा." त्यात दुसरं कोणी आहे हे त्यांच्या नजरेला दिसतच नव्हतं. मग म्हणाले, "याची निगेटिव्ह द्या."

मी म्हणालो, निगेटिव्ह मी देत नाही, धंद्याची पद्धत नाही तशी.

सुखदेव दारात उभा होता. त्यांच्याच बैलगाडीवर आला होता. तो आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "देऊन टाका भाऊ."

"अन् तुझी जाहिरात?"

"दुसरा पाठवतो ना. बाकड्याचा."

ज्याचं काम, तोच सांगत होता. मी निगेटिव्ह पाकिटात घालून दिली. दाजीसाहेबांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि बाहेर जाता जाता सुखदेवच्या पाठीवर थाप मारली.

रिकाम्या बाकड्यांचा फोटो अकोल्याला गेला. कंत्राटदाराचा निरोप आला की वाजवणारे बरे दिसतात, पण यांना ऐकायला तर कुत्रंही येत नाही, मी तंबू कोणाच्या भरवशावर ठोकू? पाडव्याला सुखदेवने दाजीसाहेबांचंच साल धरलं. मालेगावच्या बाजारात त्याचं वाजवणं सुरूच होतं, आणि दाजीसाहेबांची खुर्चीही ठरलेल्या जागी पडत होती. पुढे सुखदेवचे दात गेले. समोरचे दात गेले की क्लॅरिनेट जाते, ती दातांवर टेकवूनच वाजवायची असते. त्याने ती विकली की कोणाला दिली, हे मी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी दाजीसाहेब वारले. त्यांचा मुलगा तेरवीसाठी फोटो मोठा करून घ्यायला माझ्याकडे आला. कागदात गुंडाळलेली तसबीर त्याने टेबलावर उघडली. अकोल्याच्या कुठल्या तरी स्टुडिओने काम चांगलं केलं होतं. फक्त चेहरा आणि खांदे ठेवून बाकी सगळं कापलं होतं, मागे फिकट निळा रंग दिला होता, कपाळावर बुक्का काढला होता आणि मफलरचं उपरणं केलं होतं.

"सप्त्यात कीर्तन आयकून राह्यले होते बाबा, तवाचा हाय," मुलगा म्हणाला. "कसे रंगून गेले पाहा काका."

मी म्हणालो, "हा फोटो मी काढला आहे. मालेगावला, देशी दुकानामागे. समोर सुखदेव वाजवत होता."

त्याला आश्चर्य वाटेल असं मला वाटलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "मालूम हाय मले. बाबाच सांगत जायचे. पन तेरवीले पाव्हने येतीन, त्याईले आता हे कायले सांगत बसू?"

मी फोटो मोठा करून दिला. नाही म्हटलं असतं तर त्याने दुसरीकडून करून घेतला असता. तेरवीच्या दिवशी तो पोचवायला मी स्वतः गेलो. ओसरीवर पाटावर फोटो ठेवला, हार घातला. येणारा जाणारा थांबून पाहत होता, कारण फोटो होताच तसा. सुखदेव मांडवाच्या कडेला, पत्रावळी उचलणाऱ्यांमध्ये बसला होता. मी त्याला हाताला धरून ओसरीखाली आणलं. फोटो पाहताना त्याचं तोंड जरासं उघडं पडलं आणि ओठ आत ओढले गेले. त्या जागी आता दात नव्हते.

शेजारी एक पाहुणे उभे होते, रिसोडकडचे. भाविक माणूस. त्यांनी फोटोला हात जोडले आणि सुखदेवला विचारलं, "तुमी घरचेच मानसं ना? कोन्या बुवाचं कीर्तन होतं हे?"

मी बोलायला तोंड उघडलं. सुखदेवने माझा हात दाबला.

"मले नाई मालूम मालक," तो म्हणाला. "मी बाहेर होतो."